बोलले असतील, पण लिहिलंय कुठे?

ऑक्टोबर होता, नवरात्र चालू होतं. खाली मगरपट्ट्याच्या रस्त्यावर घागरे घातलेल्या पोरी रिक्षा शोधत होत्या आणि वर आम्ही एसीत स्वेटर घालून अमेरिकेतल्या पोरांच्या फ्लूच्या लसी मोजत बसलो होतो. आमचं काम मेडिकल कोडिंगचं, म्हणजे तिकडच्या डॉक्टरांच्या नोट्स वाचून प्रत्येक कामाला ठरलेला नंबर लावायचा, त्या नंबरावर इन्शुरन्सवाले क्लिनिकला पैसे देतात. त्या दिवसांतलाच एक चार्ट, म्हणजे एका पेशंटची नोंद. चार वर्षांचं मूल (तपशील थोडे बदलून सांगतेय, ते बदलावेच लागतात), नोटमध्ये दोनच वाक्यं, फ्लूची लस डाव्या दंडात दिली, काही त्रास झाला नाही. संपलं. आणि क्लिनिकने पाठवलेल्या बिलाच्या चार्ज शीटवर कोड होता ९०४६०. हा कोड म्हणजे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला लस दिली आणि ती देताना डॉक्टर स्वतः घरच्यांशी त्या लसीबद्दल बोलले. बोलले नसतील तर ९०४७१. सुई तीच, औषध तेच, दंड तोच, फरक फक्त बोलण्याचा. नोटमध्ये बोलल्याचा एक शब्द नव्हता म्हणून मी ९०४७१ केला, क्लिनिकला क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, टाकली आणि पुढच्या चार्टवर गेले. मग क्लिनिककडून एका ओळीचं उत्तर आलं, आमचे डॉक्टर प्रत्येक आईशी बोलतात. त्यावर आमच्या टीम लीडने आमच्या धंद्यातलं ब्रह्मवाक्य चिकटवलं, लिहिलेलं नाही म्हणजे झालेलं नाही. क्वेरी क्लोज.

माझ्या डोक्यात मात्र ती क्लोज झाली नाही.

म्हणजे बघा ना, पुण्यात हडपसरला बसलेली एक बी.फार्म झालेली बाई, तिने ते क्लिनिक कधी पाहिलेलं नाही, ती डॉक्टर कशी दिसते, हळू बोलते की भराभर, काही माहीत नाही, आणि ती ठरवणार की त्या खोलीत बोलणं झालं की नाही झालं. पैशाचा मुद्दा म्हणाल तर एकट्या फ्लूच्या लसीला फारसा फरकही पडत नाही, काही प्लॅन तर दोन्ही कोडला सारखेच पैसे देतात. खरा फरक जोडलसींना. पाच आजारांची एक लस असेल तर पहिल्या आजाराला ९०४६० आणि उरलेल्या चारांना ९०४६१ चार वेळा, कारण आईला पाचही आजारांबद्दल सांगितलं असं धरतात. फ्लूच्या लसीत तीन-चार जातीचे विषाणू असले तरी आजार एकच म्हणून एकदाच. नवीन पोरं ट्रेनिंगमध्ये हमखास इथेच अडखळतात, चार विषाणू म्हणजे चार कंपोनंट ना मॅडम, आणि मी दर बॅचला सांगते, विषाणू मोजू नका, आजार मोजा.

बाकी फ्लूची लस म्हणजे आमच्याकडे सगळ्यात सोपं काम समजतात. डायग्नोसिसला झेड२३, म्हणजे लसीसाठी आले, एक कोड औषधाचा, एक कोड टोचण्याचा, सोबत वार्षिक तपासणी असेल तर तिचा वेगळा आणि त्याला, तपासणी वेगळी केली हे सांगणारी जोडखूण, मॉडिफायर पंचवीस. फ्रेशर्सना हेच देतात. पण सोप्या कामातच जास्त मार खातो माणूस. लसीच्या खोक्यावरचा एनडीसी नंबर, म्हणजे त्या औषधाची ओळख, दहा आकडी असतो आणि क्लेममध्ये, म्हणजे इन्शुरन्सला पाठवायच्या बिलात, तो अकरा आकडी लागतो, पाच-चार-दोन अशा रचनेत, मग शून्य नेमकं कुठे घुसवायचं हे खोक्यावरच्या आडव्या रेघा कुठे आहेत त्यावरून ठरवायचं. ते एक शून्य चुकलं की क्लेम परत. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा फ्लूची लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, तर एखादा इन्शुरन्सवाला दुसरा डोस बघून एका सीझनला एकच म्हणून परत करतो. मग आम्ही नोट्स जोडून पुन्हा पाठवतो. हे सगळं सप्टेंबर ते डिसेंबर, म्हणजे गणपतीपासून नाताळपर्यंत. दिवाळीची सुट्टी मागायला गेलं की मॅनेजर व्हॉल्यूम दाखवतो. त्यांच्याकडे कुठे आहे दिवाळी. घरी चकलीचं पीठ भिजत ठेवून मी कितीतरी पाडव्यांना कॅबमध्ये बसलेय.

एक गोष्ट मात्र मला या कामामुळेच कळली आणि त्याचं अजून नवल वाटतं. फ्लूच्या लसीत पूर्वी चार विषाणू असायचे, दोन ए चे, दोन बी चे. बी मधली यामागाता नावाची एक शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलीच नाही. सगळं जग घरात बसलं, तोंडं झाकली, शाळा बंद, आणि आपण कोरोनाकडे डोळे लावून असताना हा दुसराच एक विषाणू गुपचूप नाहीसा झाला. मग २०२४ च्या सीझनपासून अमेरिकेने लस पुन्हा तीन विषाणूंची केली. आता आमच्याकडे याचा अर्थ काय, तर औषधाचा कोड बदलला. वर्षानुवर्षं बोटांना सवय झालेला ९०६८६ गेला आणि जुना ९०६५६ परत आला. क्लिनिकवाले छापील शीटवर जुन्याच कोडवर टिकमार्क करत राहिले आणि आमच्या क्यूमध्ये डिनायलचा ढीग. एक विषाणू पृथ्वीवरून गेला आणि मला ते रिजेक्ट झालेल्या क्लेमच्या एक्सेलमधून कळलं. शेजारच्या डेस्कवरच्या मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, हो का, मग जुन्या सगळ्यांना बल्क रिप्लेस मारता येईल का. तिचंही बरोबरच आहे म्हणा, टार्गेट तिलाही असतं.

आणि याच लसीत उरलेल्या तिघांपैकी एक आपला ओळखीचा आहे. ए एच१एन१, आणि त्याच्या नावापुढे शेपूट असतं, पीडीएम०९. पीडीएम म्हणजे पॅन्डेमिक, जगभरची साथ, आणि ते ०९ म्हणजे २००९. पुण्याच्या माणसाला ते साल वेगळं सांगायला नको. मी तेव्हा अकरावीत. ३ ऑगस्टला पुण्यात एक शाळकरी मुलगी गेली, देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू, चौदा वर्षांची, म्हणजे माझ्याहून लहान. त्यानंतरचा तो आठवडा. शाळा-कॉलेजं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर पावसात छत्र्यांची रांग, मेडिकलवाले मास्कचे तोंडाला येईल ते भाव सांगतायत. आईने आमच्या सगळ्यांच्या गळ्यात कापूर आणि वेलचीच्या पुरचुंड्या बांधल्या होत्या, बसमध्ये, दुकानात, सगळीकडे तोच वास. अजूनही कुणी कापूर लावला की मला आरतीच्या आधी तो ऑगस्ट आठवतो. पुढच्या वर्षी आमच्या हडपसरच्याच सिरमने नाकात मारायची लस आणली, सुई नाही, नुसता फवारा. कॉलनीतल्या काकू म्हणायच्या, नाकात मारून काय लस होते का कुठे. आज माझ्यासमोर अमेरिकन मुलांचे नाकातल्या फवाऱ्याचे क्लेम येतात तेव्हा मला त्या काकू दिसतात. आणि त्या काकूंशी तेव्हा नीट कोण बोललं होतं? पेपरात जाहिराती होत्या, टीव्हीवर बातम्या होत्या, सगळे ओरडून सांगत होते, पण समोर बसून त्यांच्या नेमक्या शंकेला उत्तर दिलेलं मला काही आठवत नाही.

माझ्या मुलाच्या फ्लूच्या लसीचं सांगते. आपल्याकडे ती सरकारी वेळापत्रकात नाही, पण बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत दरवर्षी घ्या म्हणते. आणि आपला फ्लू येतो पावसाळ्यात, म्हणून आमचे डॉक्टर ती पावसाच्या तोंडावर देतात. किंमत दोन हजारांच्या आसपास, मेडिक्लेममध्ये काही बसत नाही, काउंटरवर क्यूआर कोड असतो तिथे द्यायचे आणि मोकळं व्हायचं. वेटिंगमध्ये तीस-पस्तीस माणसं, रडारड, कुणाच्या तरी डब्यातल्या पोह्यांचा वास, भिंतीवर फिकट झालेला मिकी माउस. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी आत गेल्या गेल्या डॉक्टरांना विचारलं, सर्दीची कसली हो लस, आमची पोरं नाही का वाढली. मी कानकोंडी झाले. पण डॉक्टर हसले, एका हाताने पोराच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवत म्हणाले, आजी, ही सर्दीची नाही, सर्दी होणारच, ही हॉस्पिटलात न्यायला लागू नये म्हणून. एवढंच. अर्धा मिनिट पण नसेल. सासूबाई गप्प बसल्या, आणि त्या कधी गप्प बसत नाहीत. घरी येऊन त्यांनी जावेला फोनवर तेच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, वर स्वतःचं म्हणून. डॉक्टरांनी फाइलमध्ये काय लिहिलं? तारीख, लसीच्या बाटलीवरचं स्टिकर आणि सही. आमच्या ऑफिसच्या हिशोबाने ते बोलणं झालंच नाही.

आणि इथेच माझं मन दोन्हीकडे जातं. एकीकडे वाटतं काय हा कारकुनी वेडेपणा, बोलण्याला कोड, बोलण्याचा पुरावा. दुसरीकडे वाटतं, निदान त्या लोकांनी कधीतरी बसून ठरवलं तरी की आईच्या शंकेला उत्तर देणं हे कामच आहे आणि कामाचे पैसे द्यायला हवेत. आपल्याकडे डॉक्टर बोलतो ते त्याच्या स्वभावामुळे. स्वभाव नसेल तर तुमचं नशीब. माझी मामेबहीण पाटण तालुक्यात आशाताई आहे, बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की तिला त्याचे शंभर रुपये मिळतात. ती त्यासाठी एकेका घरी किती वेळा जाते, सासूची समजूत वेगळी, नवऱ्याची वेगळी, गेल्या वेळी ताप आला म्हणून आता नाही म्हणणाऱ्या आईची वेगळी. पण पैसे निकालाचे, बोलण्याचे नाहीत. ते घर शेवटपर्यंत नाहीच म्हणालं तर तिची चप्पल झिजली तेवढी झिजली.

अमेरिकेतही तसंच आहे, गंमत बघा. ९०४६० हा शेवटी लस देण्याचा कोड आहे. डॉक्टर वीस मिनिटं बोलली, आईने सगळं ऐकून घेतलं आणि मग नको म्हणाली, तर तो कोड लागत नाही, कारण टोचलंच नाही. म्हणजे जिथे बोलणं सगळ्यात जास्त झालं तिथे हा कोड शून्य. न दिलेल्या लसींसाठी कारणांची एक अख्खी यादी आहे, झेड२८ पासून सुरू होणारी. मूल आजारी होतं म्हणून नाही दिली, ॲलर्जी म्हणून नाही दिली, लसच उपलब्ध नव्हती म्हणून नाही, श्रद्धेमुळे नाही, आणि झेड२८.८२, पालकांनी नकार दिला. या शेवटच्यावर पैसे मिळत नाहीत, ती नुसती नोंद. ऑक्टोबर २०२१ पासून झेड७१.८५ म्हणून एक आलाय, लस सुरक्षित आहे का याबद्दलच्या चर्चेसाठी. आणि मेडिकेडवरच्या, म्हणजे गरिबांच्या सरकारी इन्शुरन्सवरच्या, मुलांसाठी आता नुसत्या समजावण्याचेही वेगळे कोड आहेत, लस दिली नाही तरी. कोरोनात कुणाच्या तरी लक्षात आलं असणार की लोक सुईला नाही म्हणत नाहीयेत, त्यांना आधी बोलायचं आहे.

मेडिकेडवरून आठवलं, त्या मुलांच्या लसीचा दर आम्ही लावतो एक सेंट. खरं तर शून्य लावायचा, पण काही सॉफ्टवेअर शून्य घेतच नाही म्हणून एक सेंट. १९८९ ते ९१ मध्ये तिकडे गोवराची मोठी साथ आली, लस न मिळालेली मुलं मेली, त्यानंतर १९९३ मध्ये त्यांनी कायदा करून ही फुकट लसीची योजना आणली, १९९४ पासून चालू झाली. ज्यांच्याकडे इन्शुरन्स नाही, जे मेडिकेडवर आहेत, जे मूळ अमेरिकन आदिवासी आहेत, अशा एकोणीस वर्षांखालच्या मुलांना लस सरकारची, फुकट. डॉक्टरला फक्त टोचण्याची फी लावता येते, आणि ती फी परवडत नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. आम्ही त्या लाइनला एसएल मॉडिफायर, म्हणजे सरकारी लसीची खूण, लावतो. आता ही योजनेची लस आणि विकतची लस, कंपनी तीच असेल, बाटली तीच, पण क्लिनिकमध्ये त्यांचा साठा वेगळा ठेवावा लागतो, हिशोब वेगळा, कप्पा वेगळा, कुठे कुठे फ्रिजच वेगळा. आजीच्या सोवळ्याच्या भांड्यांसारखं, याचा त्याला हात लागता कामा नये. मला आधी हे वाचून राग आला होता, गरिबाची लस वेगळी म्हणजे काय. मग कळलं की वेगळी ठेवतात म्हणूनच ती गरिबापर्यंत पोचते, नाहीतर सरकारी माल खाजगी पेशंटला टोचून पैसे लावायला किती वेळ लागतो. आपल्याला हे काय नवीन सांगायचं, आपण रेशनचा गहू कुठे कुठे जाताना पाहिलाय. तरीपण तो एक सेंट टाइप करताना बोटाला काहीतरी होतं खरं.

तर त्या क्वेरीचं पुढे काय झालं. आमच्यासारख्या कोडरनी त्या क्लिनिकला बहुतेक बऱ्याच क्वेऱ्या टाकल्या असणार, कारण नोव्हेंबर लागला आणि त्यांच्या नोट्स एकदम बदलल्या. प्रत्येक लसीच्या नोटखाली एक परिच्छेद यायला लागला, लसीचे फायदे आणि संभाव्य त्रास याबद्दल पालकांशी चर्चा केली, माहितीपत्रक दिलं, पालकांच्या सर्व प्रश्नांना उत्तरं दिली, पालकांनी संमती दिली. सुंदर. कुठेही बोट ठेवायला जागा नाही. ९०४६० पास, पुढे. दुसरा चार्ट, तोच परिच्छेद. तिसरा, तोच. सहा महिन्यांच्या बाळालाही तोच आणि सतरा वर्षांच्या, आजोबांसोबत आलेल्या पोरालाही तोच, पालकांच्या सर्व प्रश्नांना. कुणीतरी कीबोर्डला एक शॉर्टकट बनवून दिला होता, दोन अक्षरं दाबली की अख्खा परिच्छेद उमटतो. आमच्या लीडने मीटिंगमध्ये त्या क्लिनिकचं कौतुक केलं, डॉक्युमेंटेशन इम्प्रूव्ह झालं म्हणून. डिनायलही कमी झाले असतील. आणि मी बसल्या बसल्या विचार करत होते की ऑक्टोबरमधल्या त्या दोन वाक्यांच्या नोटवर माझा जास्त विश्वास होता. त्या डॉक्टरच्या ऑफिसने लिहिलं होतं ना, आमचे डॉक्टर प्रत्येक आईशी बोलतात, मला ते पटलं होतं, फक्त ते मान्य करायची मला परवानगी नव्हती. आता परवानगी आहे आणि पटत नाही.

मी हे क्यूएमधल्या, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्या टीममधल्या, एकाला बोलून दाखवलं, तो या धंद्यात माझ्याहून जुना. तो म्हणाला, मॅडम, ऑडिटवाल्यांनाही कॉपी-पेस्ट नोट आवडत नाही, पण तुम्ही सिद्ध कसं करणार, आणि तुम्हाला ते सिद्ध करायला ठेवलेलंच नाहीये. वर म्हणाला, आणि खरंच बोलत असतील तर? शॉर्टकट दाबला म्हणजे बोललेच नाहीत असं थोडंच आहे. हा मुद्दा मला तेव्हा सुचला नव्हता. आमच्या डॉक्टरांना जर कुणी सांगितलं असतं, की आजींना जे बोललात ते लिहा तरच पैसे, तर पस्तीस पेशंट बाहेर बसलेले असताना त्यांनीही शॉर्टकटच दाबला असता. आणि त्या शॉर्टकटमध्ये सर्दी होणारच हे वाक्य आलं नसतं.

अजून एक आहे. बोलल्याचा पुरावा शोधायला व्हिजिटच्या नोट्स चाळताना कधीकधी फोनच्या नोंदीही समोर येतात. दुसऱ्या दिवशी आईने क्लिनिकला फोन केला, दंड लाल झालाय, अंग कोमट लागतंय, घाबरू का. नर्सने सांगितलं, होतं असं, गार पाण्याची घडी ठेवा, दोन दिवसांत गेलं नाही तर आणा, पुन्हा फोन करा, मी पाचपर्यंत आहे. यात कुठला शॉर्टकट नसतो, स्पेलिंग चुकलेली असतात, मध्येच वाक्य सोडलेलं असतं. नर्सच्या अशा फोनला आम्ही काहीच लावत नाही. तिने त्या दिवशी खोलीत अर्धा तास समजावलं असतं तरी ९०४६० लागला नसता, कारण त्याला डॉक्टर किंवा त्या पात्रतेचं माणूस लागतं, नर्स चालत नाही, आणि बहुतेक क्लिनिकमध्ये आईला खरं समजावते ती नर्सच. त्या नोंदी उघडल्या की माझा स्पीड पडतो. ताशी चार्टचा आकडा लीडच्या स्क्रीनवर लाइव्ह दिसतो, आणि हिवाळ्यात माझा आकडा कशामुळे पडतो हे त्याला अजून समजलेलं नाही.